खर्चीचा माग आणि तीस सेकंदांचा पन्हा

इंटरनेटवर गाणे किंवा व्हिडिओ टाकणाऱ्या कलावंताचे नेमके स्थान काय, हे सांगायला इचलकरंजीत एक तयार शब्द आहे: खर्चीवाला. माग त्याचा, शेड त्याची, विजेचे बिल त्याच्या नावावर, कामगाराचा पगार त्याच्या खिशातून. सूत मात्र व्यापाऱ्याचे, विणून झालेले कापडही व्यापाऱ्याचेच, आणि मजुरी मीटरमागे पिकाला (म्हणजे आडव्या धाग्याला) किती पैसे या हिशेबाने मिळते. हा दर कोणी ठरवायचा यावरून शहरात वर्षानुवर्षे बैठका होतात, मोर्चे निघतात. यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्याचेही असेच आहे. कॅमेरा त्याचा, दिवे त्याचे, गळा आणि घाम त्याचा; प्रेक्षक आणि जाहिरातदार कंपनीचे, दरही कंपनीचाच. फरक एवढाच की इथे मोर्चा कुणाच्या दारात न्यायचा, हे कुणाला ठाऊक नसते.

माग आणि संगणक यांचे नाते तसे जुने. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॅकार्डने नक्षी पुठ्ठ्यांवर भोकांच्या रूपात नोंदवली आणि मागाला ती वाचायला लावली. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला. त्यामागे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे प्रोत्साहन होते, आणि याच घोरपड्यांच्या पदरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे गवई होते. यंत्रमाग आणि ख्याल, दोघांनाही एकाच गावात एकाच घराचा आश्रय मिळाला. त्या घोरपड्यांच्या राजवाड्यात आज डीकेटीई संस्थेचे वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी महाविद्यालय भरते. तिथे कापडाइतकाच संगणकही शिकवला जातो.

बाळकृष्णबुवांचा काळ (१८४९–१९२६) हा ऐकण्याच्या टंचाईचा काळ होता. इचलकरंजीजवळच्या चंदूर गावी जन्मलेल्या या माणसाला ख्यालगायकी शिकायची तर ती जवळपास कुठे मिळत नव्हती. धारला देवजीबुवांकडे आणि मग ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशांकडे जाऊन, त्यांच्या घरी राहून, त्यांची सेवा करत ती मिळवावी लागली. गुरूने गायले तर ऐकायला मिळणार, नाही गायले तर नाही. त्यात पुष्कळशा उस्तादांची आणि बुवांची दुसऱ्या घराण्याचे गाणे ऐकायला शिष्याला बंदी असे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवल्याचे श्रेय बुवांना दिले जाते ते या पार्श्वभूमीवर.

पण बुवा निव्वळ जुन्या वळणाचे होते असेही नाही. मुंबईत असताना त्यांनी ‘गायन समाज’ काढला, ‘संगीत दर्पण’ हे मासिक चालवले. त्यांच्या हयातीत हाताशी असलेले नवे तंत्र म्हणजे छापखाना, आणि ते त्यांनी वापरून पाहिले. दम्याने मुंबई सोडावी लागली आणि ते मिरजेला आले. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे शिकले ते मिरजेतच. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले, स्वरलिपी रचली, पुस्तके छापली. बंदिश कागदावर आली आणि डाकेने जाऊ लागली. त्यावरही त्या काळी टीका झालीच: कागदावरून का कुठे गाणे येते?

पुढचे तंत्र ध्वनिमुद्रणाचे. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहरजान यांचे गाणे तबकड्यांसाठी मुद्रित झाले आणि हिंदुस्थानी गाण्याला पहिल्यांदा पन्हा पडला. मागाचा पन्हा जेवढा, कापड तेवढेच रुंद. विणकर कितीही कसबी असला तरी त्याबाहेर त्याला जाता येत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा पन्हा होता तीन-सव्वातीन मिनिटांचा. रात्रभर चालणाऱ्या मैफलीतला राग त्यात बसवायचा म्हणजे आलाप आखडता घ्यायचा, लय चढी ठेवायची, ताना लवकर काढायच्या. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी हे आव्हान किती सुंदर पेलले, ते त्यांच्या तबकड्या आजही सांगतात. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेर निघाली. तीही साडेतीन मिनिटांचीच. म्हणजे परग्रहावर कुणी ती ऐकलीच, तर त्यांना हिंदुस्थानी राग साडेतीन मिनिटांत संपतो असे वाटायचे.

कॅसेटने पन्हा रुंद केला. एका बाजूला अर्धा तास म्हणजे विलंबित ख्याल श्वास घेऊन गाता येतो. शिवाय कॅसेट घरी भरता येते, आणि इथून गाण्याच्या मालकीचा प्रश्न सुरू झाला. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा पूर आणला. मराठी मुलखात अलूरकरांसारख्या प्रकाशकांनी शास्त्रीय आणि नाट्यसंगीत घराघरांत नेले. मालकीच्या या प्रश्नाचे एक उदाहरण इथलेच: इचलकरंजीत १९७४ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते पु. ल. देशपांडे. रंगभूमी, चित्रपट, रेडिओ, दूरदर्शन, अशी त्या शतकातली जवळजवळ सगळी माध्यमे हाताळलेला तो माणूस. त्यांचे २००० साली निधन झाले तेव्हा यूट्यूब जन्मायचे होते. पण आज विशीत असलेल्या अनेकांची पुलंशी पहिली ओळख पुस्तकातून होत नाही. रात्री झोपताना कानाला लावलेल्या कथाकथनाच्या ध्वनिफितीतून होते. ती फीत कुणी कॅसेटवरून उतरवून घेतली, कुणाच्या परवानगीने चढवली, याची चौकशी कोणी करत नाही.

कॅसेट आणि इंटरनेट यांच्या मधला टप्पा लिखित इतिहासात सहसा येत नाही, पण कामगार वस्तीच्या गावांत तोच सर्वांत मोठा होता. ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ अशी पाटी लावलेले मोबाइलचे दुकान. दुकानदाराच्या संगणकात फोल्डर लावून ठेवलेले असत: मराठी जुनी, मराठी नवी, भक्तिगीते, डीजे, हिंदी, कन्नड, भोजपुरी. गिऱ्हाईक कार्ड काढून द्यायचे, दुकानदार दोन जीबी, चार जीबी भरून द्यायचा आणि दहा-वीस रुपये घ्यायचा. पाळीला निघालेला माणूस गाणी अशी भरून न्यायचा, जसे कोणी तंबाखूची पुडी भरून न्यावी. यंत्रमागाच्या शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणेही ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तिथे कानात इअरफोन घालून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेला कामगार आपल्या मुलखाचे गाणे ऐकत असे. ही सगळी गाणी बेकायदा होती यात शंका नाही. पण भोजपुरी गाण्याच्या बाजारपेठेला महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला गिऱ्हाईक मिळवून दिले ते याच दुकानांनी.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, आधी फुकट आणि मग अतिशय स्वस्त, आणि कार्ड भरून देण्याचा धंदा बघता बघता बसला. त्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास रुपये मोजणारा माणूस आता रोज तेवढा डेटा संपवू लागला. गाणे साठवायची गरज संपली. ते नळासारखे वाहू लागले. बाळकृष्णबुवांना ज्यासाठी धार-ग्वाल्हेरची वाट धरावी लागली, तो यमन आज पन्नास गायकांच्या गळ्यातून एका बोटाखाली येतो. दुसऱ्या घराण्याचे ऐकू नको, असे सांगायला गुरू उरलाच, तरी त्याचे कोण ऐकणार? हा बदल मुळातला आहे आणि एकंदरीत चांगला आहे. खासगी संग्रहात बुरशी धरत पडलेल्या मैफलींच्या फिती लोकांनी उतरवून चढवल्यामुळे, तीन मिनिटांच्या पन्ह्यात ज्यांना कापून घ्यावे लागले होते ते गायक आता पाऊण-पाऊण तास ऐकायला मिळतात.

गाण्यापेक्षा वेगाने बदलले ते चित्र. इचलकरंजीच्या कोल्हापूर जिल्ह्याला त्याचे कौतुक वाटायला नको. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ मध्ये काढली तेव्हा कॅमेरा विकत मिळण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तो स्वतःच घडवला. त्या परंपरेतला ‘सैरंध्री’ १९२० चा. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ मध्ये कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे मुंबईबाहेर राहून चित्रपट काढणे इथे शंभर वर्षे जुने आहे. महाग होते ते चित्रपट लोकांपर्यंत पोहोचवणे. एका प्रतीचा खर्च मोठा, म्हणून प्रती मोजक्या, आणि तालुक्याच्या गावी चित्रपट यायचा तो मोठ्या शहरांत चालून, रेघोट्या पडून. उपग्रहावरून चित्रपटगृहात थेट चित्रपट पोहोचवणारी सेवा २००५ नंतर पसरली तेव्हा पहिला शुक्रवार सगळ्यांचा एक झाला. यूट्यूबने पुढची पायरी गाठली: चित्रपटगृहच वगळले.

त्याचा मराठीत सर्वांत ठळक परिणाम भाषेवर झाला. सातारा भागातली कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामती परिसरातली ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ या मालिका गावातल्या माणसांनी गावात, गावच्या बोलीत केल्या. मराठी पडद्यावर गावठी बोली पूर्वीही होतीच. पण बऱ्याचदा ती हसवण्यासाठी असे आणि गंभीर माणूस प्रमाण मराठीत बोले. या मालिकांत तलाठीही तसेच बोलतो, प्रेमात पडलेली पोरगीही तसेच बोलते आणि मयताला जमलेली माणसेही. पुण्या-मुंबईत २०१६ च्या सुमारास ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनेलने शहरी तरुणांची घरगुती मराठी अशीच पडद्यावर आणली. दूरचित्रवाणीच्या कार्यकारी निर्मात्याने ही संहिता दोन वेळा ‘शुद्ध’ करून घेतली असती, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

आता पुन्हा खर्चीच्या हिशेबाकडे. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळवायचा तर चॅनेलचे किमान एक हजार सदस्य हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले गेलेले हवे. (शॉर्ट्सवाल्यांसाठी तासांऐवजी नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याची अट आहे.) ती ओलांडली की मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के चॅनेलला आणि ४५ टक्के कंपनीला. शॉर्ट्सना याच्या नेमके उलटे: निर्मात्यांच्या हिश्श्याला येणाऱ्या रकमेतले ४५ टक्के हाती पडतात. ऐकायला हे खर्चीवाल्याच्या मजुरीपेक्षा बरे वाटते. पण ५५ टक्के कशाचे, हा प्रश्न उरतो. जाहिरातीची किंमत लिलावाने ठरते आणि बोली प्रेक्षकाचा देश, वय, खरेदीची ऐपत पाहून लागते. तेच गाणे न्यू जर्सीतल्या मराठी घरात ऐकले गेले तर एक भाव, हातकणंगल्यात ऐकले गेले तर त्याच्या कितीतरी खाली. सुताचा काउंट तोच, पीक तेच. मीटरचा दर मात्र कापड कोण नेसणार यावर.

आणि पन्हा पुन्हा अरुंद झाला आहे. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले. तिथे गाणे तीस सेकंद वाजले की एकदा ‘ऐकले गेले’ अशी नोंद होते. तीन मिनिटे वाजो की सात, मोजणी एकच. त्यामुळे लांब प्रस्तावना हे नुकसानीचे काम झाले. जुन्या भावगीतांत धृपदाआधी बासरी किंवा व्हायोलिनचा एक तुकडा श्रोत्याला हळूहळू गाण्यात आणून सोडत असे. तो आता कापला जातो आणि गाणे थेट धृपदावरच उघडते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, लगोलग इन्स्टाग्राम रील्स आले, आणि मोजमाप आणखी खाली उतरले. रीलला लागणारा तुकडा पंधरा-वीस सेकंदांचा. संगीतकार चाल बांधतानाच नाचता येईल असा तुकडा आधी शोधतात आणि उरलेले गाणे त्याच्याभोवती विणतात. जत्रेतल्या लावणीचा किंवा झांजपथकाचाही तेवढाच तुकडा फिरतो, आणि पुढच्या वर्षी सुपारी देणारा त्याच तुकड्याची मागणी करतो. तीन मिनिटांच्या तबकडीने करीम खाँसाहेबांकडून काही कोरीव करून घेतले होते, म्हणून रीलमधूनही तसेच निघेल, असे म्हणणारे आहेत. निघेलही. पण तीन मिनिटांत राग मांडता येतो, वीस सेकंदांत फक्त त्याचा पत्ता सांगता येतो.

हक्कांच्या बाबतीत यंत्राने आणखीच गंमत केली आहे. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही व्यवस्था २००७ पासून आहे. कंपन्यांनी नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणांचे ठसे तिच्याकडे असतात आणि चढवलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडला जातो. चित्रपटगीतांसाठी ती ठीक चालते. शास्त्रीय गाण्यात ती फसते, कारण तिथे राग सर्वांचा, बंदिश दोन-दोनशे वर्षे जुनी, पट्टी बहुधा काळी चार नाही तर काळी एक, आणि मागे वाजणारा इलेक्ट्रॉनिक तंबोरा सगळ्यांकडे एकाच बनावटीचा. एखाद्या शिक्षिकेने घरी गायलेला भूप कुठल्या तरी कंपनीच्या भूपाशी जुळतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. तक्रार करता येते. पण ती प्रथम दावा करणाऱ्याकडेच जाते.

कायदा वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. म्हणजे १९६० मध्ये निघालेली तबकडी २०२१ च्या सुरुवातीला मोकळी झाली. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, तो त्यांच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीताच्या गीतकार-संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या मानधनात असा वाटा दिला, की तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. पण जुनी तबकडी मोकळी झाली आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. ठसा नोंदवणाऱ्याने तो काढला तरच निघतो.

आवाज ही तर नवीच मालमत्ता झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना गायकाचे थोडे ध्वनिमुद्रण दिले की ती त्याच्या आवाजात न गायलेले गाणे गाऊन दाखवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन आवाज हा व्यक्तिमत्त्वाचा भाग असल्याचे मान्य केले. आशाताईंचा जन्म इचलकरंजीहून तासाभरावर असलेल्या सांगलीचा. पण ज्यांना न्यायालयात जाणे परवडते त्यांची ही गोष्ट झाली. तमाशातल्या गायिकेचा किंवा कीर्तनकाराचा आवाज कोणी उचलला, तर तिला किंवा त्याला तो आपलाच आहे हे आधी कळायला हवे.

शेवटी शिकवणी, बाळकृष्णबुवांच्या गावात हा विषय टाळता येत नाही. इचलकरंजीचे द. वि. काणेबुवा हे याच मातीतले गुरू. मंजुषा पाटील यांच्यासारख्या गायिका त्यांच्याकडे समोर बसून शिकल्या. २०२० च्या टाळेबंदीत शिकवण्या फोनवर गेल्या आणि नंतर पुष्कळशा तिथेच राहिल्या, कारण पुण्यातला गुरू आणि कॅलिफोर्नियातला शिष्य अशी जोडी त्यामुळे शक्य झाली. पहिल्याच दिवशी दोन गोष्टी अडल्या.

एक म्हणजे तंबोरा. व्हिडिओ कॉलची साधने बोलण्यासाठी बनवलेली असतात. न थांबता चालणारा एकसारखा नाद ऐकला की ती त्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतात. गुरू तंबोरा छेडून बसतो. शिष्याला पहिले दोन क्षण षड्ज ऐकू येतो, मग तो विरत जातो आणि खोलीत एकदम सामसूम होते. गुरूने ‘सा’ लावला की गळ्याच्या आडून तंबोरा पुन्हा डोके वर काढतो, थांबला की पुन्हा गडप. लांबवलेला स्वरही कधी कधी असाच मधेच खुडला जातो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर हे थांबते, हे कळेपर्यंत अनेकांचे महिने गेले.

दुसरी अडचण उपायाबाहेरची आहे. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. बैठकीत तबलजी दीड मीटरवर असतो, उशीर नगण्य. इंटरनेटवर एका बाजूचा आवाज दुसरीकडे जायला सेकंदाचा सातवा भाग लागला, तर ते तबलजी पन्नास मीटरवर, म्हणजे नाट्यगृहाच्या दाराबाहेर बसल्यासारखे होते. समेवर एकत्र येणे अशक्य. म्हणून ऑनलाइन शिकवणीत गुरू-शिष्य एकत्र गात नाहीत. गुरू गातो, थांबतो, मग शिष्य गातो. समोरासमोरच्या तालमीत गुरू शिष्याच्या स्वराला आपला स्वर लावून त्याला बोट धरून नेतो, चूक होण्याआधीच सावरतो. ते इथे घडत नाही. चूक होऊन गेल्यावर कळते. बंदिश, तिचे शब्द, तानांचे नकाशे हे सगळे तारेवरून नीट जाते. अडकते ते हे बोट धरून नेणे.

या दोन्ही अडचणींमुळे गुरू आणि शिष्य आपापल्या बाजूला तंबोऱ्याचे अ‍ॅप लावतात, आणि त्याची झळ मिरजेला लागते. एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी तिथे तंतुवाद्ये बनवायला घेतली, आणि आज मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आहे. बंगळुरूच्या रॅडेलने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हा पहिली गिऱ्हाइके गेली, अ‍ॅपने विद्यार्थी नेले. कारागिराची खरी विद्या जवारीत: घोडीच्या माथ्याला कानशीने इतका अलगद उतार द्यायचा, की छेडलेली तार तिला घासत-सुटत वाजेल आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतील, मग तारेखाली सुताचा धागा सरकवत तो नाद नेमका कुठे खुलतो ते कानाने शोधायचे. अ‍ॅपमधला नादही कुणीतरी अशाच तंबोऱ्यावरून मुद्रित केलेला असतो. तारेने घोडीवर घास पाडली की जवारी पुन्हा काढावी लागते आणि वाद्य मिरजेला परत येते. अ‍ॅपला ती पाळी येत नाही. दुसरीकडे, फोनवरून नाद ऐकवून आणि व्हिडिओ दाखवून परदेशातले गिऱ्हाईक मधल्या दलालाशिवाय थेट मिळू लागले आहे. भोपळा वाटेत फुटू नये म्हणून चिंध्या आणि फोम कोंबून लाकडी पेटी ठोकायची, आणि पोहोचल्यावर कॉल लावून घोडी कुठे बसवायची, धागा किती सरकवायचा हे सांगायचे. त्या कॉलवरही तंबोऱ्याचा नाद पहिल्यांदा पुसलाच जातो.